फ्लूची मोठी साथ आली तर घरात काय तयारी ठेवावी?

प्रश्न: सासूबाई ७४ वर्षांच्या, दम्याच्या. मुलगा ६ वर्षांचा. घर वन बीएचके. कोणी आजारी पडलं तर वेगळं ठेवायचं कुठे? काय भरून ठेवू?

उत्तर: २००९ च्या ऑगस्टमध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत, आम्ही पुण्यात होतो. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीला रांगा, शाळा बंद, मास्क मिळेनात. त्यातच आईला ताप आला. खोल्या दोनच. आम्ही तिची कॉट खिडकीला लावली, खिडकी सताड उघडी ठेवली आणि तिच्या तांब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला, म्हणजे दुसरं कोणी चुकून त्यातून पाणी पिणार नाही. जवळ एकटी मीच जायचे, तोंडाला रुमाल बांधून. ताई, आधी सासूबाईंचे इनहेलर आणि रोजच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. डाळ-तांदूळ काय, शेजारीही देतील. इनहेलर कोण देणार? थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, मास्क घरात हवेतच. मुलाला तापात ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

उत्तर: फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, विषाणू बदलत राहतो. नव्या साथीत ती पुरेशी ठरेलच असं नाही, तरी सासूबाईंना डॉक्टरांना विचारून पावसाळ्याआधी द्याच. आणि धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर घरी थांबू नका. रात्री जाणारा रिक्षावाला आजच ठरवून ठेवा.

प्रश्नकर्ती: हो, खालच्या मजल्यावरच एक रिक्षावाले दादा राहतात. आज संध्याकाळीच बोलते. लाल दोराही काढून ठेवलाय.