'काउबॉय बीबॉप' पडली आणि 'वन पीस' तरली, असे का झाले असावे?

खाडीकाठ (मालवण)

नमस्कार. 'ॲनिमे' (जपानी ॲनिमेशन) हा शब्द आमच्या पिढीला ठाऊक नव्हता, तरी पाहत होतो ते ॲनिमेच. रविवारी दूरदर्शनवर लागणारा मोगली हा मुळात जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये सुरू केलेल्या ५२ भागांच्या मालिकेचा हिंदी अवतार होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या वेळी आमच्या वाडीत कौतुक एवढ्याचेच होते की शेरखानाचा आवाज आपल्या मुरूडच्या नाना पाटेकरांचा आहे. पुढे पुण्यात नोकरीला असताना एका मित्राच्या संगणकावर शिनिचिरो वातानाबे यांची १९९८ ची 'काउबॉय बीबॉप' ही, अंतराळात इनामासाठी गुन्हेगार पकडणाऱ्या स्पाइक आणि त्याच्या सोबत्यांची ॲनिमे मालिका पाहिली आणि तिने मला पुरते झपाटून टाकले. तिचे २६ भाग मी आजवर किती वेळा पाहिले असतील, याचा हिशेब घरच्यांना न सांगितलेलाच बरा.

आता मूळ प्रश्न. नेटफ्लिक्सने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी 'बीबॉप'ची माणसे घेऊन केलेली १० भागांची मालिका आणली आणि ९ डिसेंबरला, म्हणजे तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, ती बंद करत असल्याचे जाहीर झाले. त्याच नेटफ्लिक्सवर ३१ ऑगस्ट २०२३ रोजी 'वन पीस' या समुद्री चाच्यांच्या कथेचे, तशीच माणसे घेऊन केलेले आठ भाग आले आणि दुसऱ्या पर्वाची घोषणा दोन आठवड्यांतच झाली. गंमत अशी की या दोन्ही मालिका टुमॉरो स्टुडिओज या एकाच निर्मितीसंस्थेच्या आहेत. माझ्या मुलाचे म्हणणे असे की, 'वन पीस' मुळाबरहुकूम केली म्हणून चालली. मला ते पटत नाही, कारण 'बीबॉप'ने तरी मुळाला धरून राहण्यात काय कसर ठेवली होती? शीर्षकदृश्य जवळजवळ चौकटीला चौकट जुळवून घेतले, संगीतासाठी मूळच्याच योको कानो यांना बोलावले, स्पाइकचा निळा सूटही तसाच ठेवला. तरीही पहिला भाग संपताना मला परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे वाटत होते. असे का व्हावे, हे जाणकारांनी शक्य तो सविस्तर सांगावे, ही विनंती.

रात्रपाळी (चिपळूण)

माझ्या मते उत्तर सरळ आहे: मूळ निर्मात्याच्या शब्दाला किती वजन होते, ते पाहावे. 'वन पीस'चे चित्रकथाकार ईइचिरो ओदा यांनी २०२३ मध्ये चाहत्यांसाठी पत्र प्रसिद्ध केले होते आणि आपले समाधान झाल्याशिवाय मालिका प्रदर्शित करायची नाही, हे नेटफ्लिक्सने मान्य केल्याचे त्यात लिहिले होते. उलट 'बीबॉप'मध्ये वातानाबे यांचे नाव सल्लागार म्हणून असले, तरी पाहण्यासाठी पाठवलेल्या चित्रफितीतील जुगारअड्ड्याचे पहिलेच दृश्य पाहून आपण थांबलो, पुढे पाहवले नाही, असे त्यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले. सल्लागाराचे नाव श्रेयनामावलीत असणे वेगळे आणि त्याच्या नकाराने काम थांबणे वेगळे.

पायपेटी (कुडाळ)

वरील मुद्दा खरा आहे, पण तो अर्धाच आहे असे मला वाटते. ओदांनी होकार नेमका कशाला दिला आणि कशाला दिला नाही, हे पाहिले पाहिजे. मी दशावतारी मंडळात पायपेटी वाजवतो. हंगामात रात्र-रात्र रंगपटाच्या बाजूला बसून असतो, त्यामुळे या प्रश्नाकडे मला त्याच बाजूने पाहता येते. कुणाला ते विषयांतर वाटले तर क्षमा असावी.

आमच्याकडे एकच आख्यान तीन तऱ्हांनी सांगण्याची परंपरा आहे. पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीत पोथीतले एकेक चित्र समोर धरतात आणि गात-बोलत गोष्ट पुढे नेतात. तेच कलावंत कळसूत्री बाहुल्यांकडून गोष्ट खेळवून घेतात. आणि गावच्या जत्रेत तशाच कथा दशावतारात हाडामांसाची माणसे उभी करतात. चित्रकथीतला राक्षस दहा हातांचा असला तरी कुणाला नवल वाटत नाही, कारण कागदावर सगळेच सारख्या रेषेचे असते आणि चित्र हलत नसल्याने हालचालीचे सारे काम गाणाऱ्याचा आवाज करतो. ॲनिमेचेही बरेचसे तसेच आहे. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली, तेव्हापासून दर आठवड्याचा भाग वेळेत आणि थोड्या पैशांत उरकण्यासाठी तिथे चित्रे वाचवण्याची रीत रुळली. चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र तीन चौकटी टिकवले तर आठ चित्रांत सेकंद भागतो, आणि पुष्कळदा चित्र तेच ठेवून फक्त ओठ हलवले जातात. निघाली ती काटकसरीतून, पण पुढे तिची भाषाच झाली. स्पाइक सिगारेट पेटवून नुसता उभा आहे, धूर वर चढतो आहे आणि मागे सॅक्सोफोन वाजतो आहे, हे दृश्य रेषांत आपण सहज सहन करतो; किंबहुना त्याच्यावरच आपला जीव जडतो. तोच ठहराव खऱ्या नटाच्या चेहऱ्यावर आला की प्रेक्षकाला वाटते, हा बोलायचे विसरला की काय. मग दिग्दर्शक घाबरतो आणि ती जागा संवादांनी भरून काढतो. २०२१ च्या 'बीबॉप'मध्ये मला हे पदोपदी जाणवले. माणसे फार बोलतात आणि प्रत्येक बोलणे मिश्किल करायचा अट्टाहास दिसतो.

दशावतारात अतिशयोक्ती माणसाच्या अंगावर चढते ती कशी, ते पाहण्यासारखे आहे. नट आपले तोंड आपणच रंगवतो. एक लाकडी बाकडे असते, त्यावर राजा बसला की ते सिंहासन झाले. आख्यान सुरू होण्याआधी आडदशावतारात गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते, लाल जीभ काढलेला काळा संकासूर येऊन लोकांची खोडी काढतो. तासाभरात बसलेल्या माणसाला उमगते की आज रात्री इथला कायदा काय आहे. त्यानंतर पुरुषाने केलेली द्रौपदी पाहून कुणी हसत नाही. म्हणजे आधी जग मांडायचे, मग गोष्ट. 'वन पीस'ने पहिल्याच भागात नेमके हे केले. नायक लुफीचा रबरासारखा ताणला जाणारा हात, गोगलगायीचा दूरध्वनी, तोंडात तलवार धरलेला हिरव्या केसांचा झोरो हे सगळे लपवाछपवी न करता, ओशाळे न होता समोर ठेवले. पण लुफीच्या सोबत्यांपैकी उसोपचे लांबलचक नाक आणि सांजीच्या भुवईची गुंडाळी मात्र त्यांनी वगळली, कारण संवाद चालू असताना प्रेक्षकाचा डोळा त्या नाकावरच खिळला असता. खलनायक आर्लाँग माशाच्या जातीचा असल्याने त्याचे करवतीसारखे नाक ठेवले. वेषभूषेतली ही निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या मंडळातले जुने नट म्हणत, किरीट जड चालेल, पण मान हलली पाहिजे.

याच संदर्भात २००३-०४ ची जपानी 'सेलर मून' ही माणसे घेऊन केलेली ४९ भागांची मालिका अवश्य पाहावी. तिच्यात मुली शाळेत असताना त्यांचे केस साधे काळे असतात आणि रूप पालटले की रंगीत टोप डोक्यावर येतो. बोलकी मांजर तर सरळसरळ कापडी खेळणे आहे. पैसा बेताचा दिसतो, पण कायदा स्पष्ट आहे. 'बीबॉप'ला आपला कायदा ठरवता आला नाही: वेष चित्रातले, प्रकाशयोजना गुन्हेपटातली आणि बोलणे विनोदी नाटकातले.

सुकाणू (देवगड)

पायपेटी यांनी फार चांगले लिहिले आहे, परंतु माझा त्यांच्याशी थोडा मतभेद आहे. मला दोष सोंगात दिसत नाही, कथेच्या बांधणीत दिसतो. मूळ 'बीबॉप'च्या २६ भागांपैकी व्हिशियस हा शत्रू जेमतेम पाच भागांत येतो आणि स्पाइकची जुनी प्रेयसी ज्युलिया त्याहून कमी दिसते. त्यांच्याविषयी आपल्याला फार थोडे सांगितले जाते, म्हणूनच स्पाइकच्या मनातली जुनी जखम मोठी वाटते. बाकीचे बहुतेक भाग सुटे आहेत: कुणाला तरी पकडायचे, इनाम मिळता मिळता हुकायचे आणि शेवटी मांसाशिवायची भाजी खाऊन झोपायचे. नव्या मालिकेने या दोघांना जवळजवळ प्रत्येक भागात आणून बसवले, स्पाइकचा साथीदार जेट याला घटस्फोटित बायको आणि मुलगी दिली, आणि त्यांच्या टोळीतल्या एडला मात्र अगदी शेवटच्या दृश्यापर्यंत थोपवून धरले. सुट्या गोष्टींची माळ तोडून तिचा एक लांब दोर वळायला घेतला, तर मणी घरंगळणारच.

'वन पीस'नेही बदल कमी केलेले नाहीत, हे खाडीकाठ यांच्या मुलाला जरूर सांगावे. आठ भागांत ॲनिमेचे चाळीसहून अधिक भाग बसवले आहेत. डॉन क्रीग या चाच्याचे सबंध प्रकरण दोन-चार मिनिटांत आटोपले, आणि मूळ कथेत कितीतरी उशिरा उलगडणारे, नौदलातल्या गार्पचे लुफीशी असलेले नाते इथे पहिल्याच पर्वात उघड केले. पण ती गोष्ट मुळातच एका दिशेने जाणारी आहे: जहाज मिळवायचे, माणसे जमवायची, पुढच्या बंदराला लागायचे. वाटेत एखादे बंदर गाळले तरी प्रवास मोडत नाही.

आणखी एक. आमचे घर तीन पिढ्या मच्छीमारीतले आहे, वडील तांडेल (होडीचे प्रमुख) होते. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला झाले आणि तिथे जहाजे प्रत्यक्ष बांधली, याचा परिणाम मला स्पष्ट दिसला. गोइंग मेरी या जहाजाच्या डेकवर नट चालतात तेव्हा त्यांचा पाय लाकडावर पडतो, दोर ओढताना खांदा ताणला जातो. पडद्यावरचे सोंग कितीही रंगीत असो, हाताखालचा दोर खरा असला की माझ्यासारख्याचा विश्वास बसतो. (जाता जाता: जिथे सरकार ज्याला चाचा म्हणते तो चाचा ठरतो, अशी ही कथा आहे. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचाच म्हटले होते, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागू नये.)

वाचनवेडी (रत्नागिरी)

दोनच गोष्टी जोडते. एक, लांबीचा मुद्दा सुकाणू म्हणतात तितका सोपा नाही. 'यू यू हाकुशो' या ११२ भागांच्या ॲनिमेची २०२३ च्या डिसेंबरमध्ये अवघ्या पाच भागांची मालिका आली. मारामाऱ्या अप्रतिम, पण ज्या मैत्रीसाठी ते सगळे लढतात ती मैत्री जमायला मधे वेळच ठेवलेला नाही. तिथेही कथा एका दिशेनेच जाणारी होती.

दुसरी गोष्ट, आधी ॲनिमे आणि मागाहून माणसे, हा क्रम आपण गृहीत धरतो, तोही नेहमी खरा नसतो. 'ॲस्ट्रो बॉय'ची माणसे घेऊन केलेली दूरचित्रवाणी मालिका १९५९ मध्येच जपानमध्ये लागली होती, ॲनिमे त्यानंतर आले. आपल्या घराघरांतल्या मुलांचा लाडका निन्जा हातोरीही १९६६ मध्ये आधी खऱ्या नटांच्या मालिकेत आला आणि आपण पाहतो ते ॲनिमे १९८१ चे. त्या काळी या जुळवाजुळवीला कुणी धाडस म्हटले असेल, असे वाटत नाही. ते नेहमीचेच काम होते.

खाडीकाठ (मालवण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद वाचून काल रात्री मी एक प्रयोग केला. मूळ 'बीबॉप'चा पाचवा भाग लावला आणि चर्चच्या खिडकीतून स्पाइक खाली कोसळतो ते दृश्य पाहिले. रंगीत काचा फुटतात, तो पडत राहतो, मधूनमधून जुन्या आठवणींची चित्रे येतात; गाणे चालू असते आणि कुणी एक शब्द बोलत नाही. त्यानंतर नव्या मालिकेच्या शेवटच्या भागातले चर्च पाहिले. तिथेही तो खिडकीतूनच पडतो, पण त्याआधी कोणी कोणाचा किती अपराध केला, याचा पूर्ण जबाब होऊन जातो. पायपेटी यांनी म्हटलेला दिग्दर्शकाचा तो धाक मला तिथे लख्ख दिसला. मात्र सुकाणू यांचे म्हणणेही सोडवत नाही, कारण ज्युलियाला तोवर इतके पाहून झालेले असते की तिच्या हातात पिस्तूल आले तरी आपल्या पोटात गोळा येत नाही.

मग मुलाने हट्टाने 'वन पीस' लावले. आमच्या आई ८१ वर्षांच्या आहेत. धालो (बायकांचा लोकनृत्याचा प्रकार) आणि दशावतार सोडून त्यांना कशाची आवड नाही, आणि मालिका कुठल्या भाषेत चालली आहे याच्याशीही त्यांना कर्तव्य नव्हते. रबराचा हात लांब झाला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. गोगलगायीवरून बोलणे झाले, तेही त्यांनी निमूट पाहून घेतले. झोरोने तिसरी तलवार दातांत धरली आणि तशातच तो काहीतरी बोलला, तेव्हा मात्र त्यांनी सुपारी कातरायची थांबवून विचारले, "तोंडात तरवार धरल्यान, मगे ह्यो बोलता कसो?" मुलाने उत्तर शोधेपर्यंत पुढची लढाई सुरू झाली होती आणि आईंनी त्याला हातानेच गप्प बसायची खूण केली.