शाळेत होमी भाभाचे जादा तास सुरू झालेत, घरी आम्ही नेमकं काय करायचं?

सांगलीकर_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम. शाळेने यावर्षी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला (विज्ञानाची स्पर्धा परीक्षा) बसणाऱ्या मुलांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञानाचे जादा तास ठेवलेत, फी नाही, बाई स्वतःहून थांबून शिकवतात आणि लेक एवढी खुश असते की घरी आल्यावर दप्तर ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात. अडचण आमची आहे. मी पतसंस्थेत, मिस्टर दुकानात, दोघंही संध्याकाळी साडेसातच्या पुढे घरी. विज्ञान सुटून वीस वर्षं झाली. परवा तिने विचारलं, अडकित्ता कुठल्या प्रकारची तरफ, आणि मला काही सांगता येईना. शेजारच्या ताई म्हणतात बाहेरचा क्लास लावा, शाळेच्या तासांवर काही होत नाही. पण फी बरीच आहे आणि मुलीला आणखी एक क्लास झेपेल असं वाटत नाही. घरी सासूबाई असतात दिवसभर. ज्यांची मुलं या परीक्षेला बसलीत त्यांनी सांगा, आमच्यासारख्या घरात काय करता येईल?

निवृत्त_गुरुजी
ताई, क्लास लावू नका एवढं आधी सांगतो. मी बरीच वर्षं असे जादा तास घेतलेत. बाई शनिवारी जे दाखवतात ते मुलांना समजतं, पण प्रत्येकाच्या हातात वस्तू येत नाही, वर्गात चाळीस पोरं आणि मोजपात्र एक. घरच्यांनी करायचं ते हेच, की तिथे डोळ्यांनी पाहिलेलं घरी हाताने होऊ द्यायचं. त्याला विज्ञान यावं लागत नाही, ओट्याची एक कड अर्धा तास रिकामी द्यावी लागते.

अडकित्त्याचंच घ्या. सासूबाईंकडे असेलच. सुपारी ठेवून कापायला सांगा आणि विचारा टेकू कुठे, सुपारी कुठे, हात कुठे. टेकू एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी म्हणजे भार मधे, म्हणून दुसऱ्या प्रकारची तरफ. मग कात्री द्या, तिथे टेकू मधे, पहिला प्रकार. मग पोळी उलटायचा चिमटा, तिथे बोटांनी दाबतो ती जागा मधे येते, तिसरा प्रकार. नंतर सांडशी हातात द्या आणि काही सांगू नका, चिमट्यासारखीच गरम भांडं धरायला वापरतो पण खिळा मधे आहे, ते तिचं तिला दिसू दे. पाठ्यपुस्तकात साधी यंत्रे हा धडा आहेच, तो नंतर वाचला की लगेच डोक्यात बसतो.

दुसरं म्हणजे मोजमाप. औषधाच्या बाटलीबरोबर मिळतं ते झाकण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या. पाणी भरून रीडिंग डोळा त्याच पातळीत आणून घ्यायचं, वरून वाकून नाही, पाण्याचा पृष्ठभाग मधे खोलगट दिसतो त्याच्या तळाची रेघ वाचायची. लहान गोष्ट वाटते पण प्रॅक्टिकलला मुलं इथेच चुकतात कारण घाईत उभ्या उभ्याच वाचतात.

बदलापूर_मम्मी
गुरुजींशी सहमत. माझा मुलगा लेखी पास होऊन प्रॅक्टिकलपर्यंत गेला होता म्हणून लिहितेय. आधी लेखी असते, शंभर प्रश्न, पर्यायवाले. त्यातून निवडलेल्यांची प्रॅक्टिकल, आणि त्याच्या पुढे गेलं की कृतिसंशोधन प्रकल्प, म्हणजे मुलाने स्वतः पाहणी करून आकडे काढून केलेला प्रकल्प, आणि मुलाखत. परीक्षा मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं, सहावी आणि नववीसाठी.

आम्ही घरी जास्वंदीचं पाणी केलेलं. लाल फुलाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकायच्या, गाळून तीन वाट्यांत घ्यायचं, एकीत लिंबू पिळायचं की मस्त गडद गुलाबी होतं, दुसरीत खायचा सोडा घातला की हिरवट, तिसरी तशीच ठेवायची तुलनेला. तिसरी वाटी का ठेवायची हे त्याला कळलं तो दिवस मला लक्षात आहे. हळदीच्या कागदाचं पण करा, साबणाचं पाणी लागलं की लाल होतो, लिंबाने काहीच होत नाही, आणि "काहीच झालं नाही" हे पण वहीत लिहायचं बरं का. फक्त बाथरूम साफ करायचं ॲसिड कुणी काढून देऊ नका, एका ग्रुपवर कुणीतरी तसं सुचवलं होतं, प्लीज नको.

आणि एक, शनिवारचा डबा थोडा मोठा द्या. सकाळची शाळा, वर जादा तास, म्हणजे पोरं दुपारपर्यंत पार दमतात, भूक लागली की शेवटच्या तासाला कुणाचं लक्ष राहत नाही. घरी आली की लगेच काय शिकवलं काय शिकवलं करू नका, झोपू दे, संध्याकाळी स्वतःच सांगेल.

सचिन_पुणे
मला थोडं वेगळं वाटतं. प्रयोग ठीक आहेत पण लेखीच पास नाही झाली तर प्रॅक्टिकल येणारच कुठून? जुने पेपर वेळ लावून सोडवून घ्या रोज. उत्तराचे गोल पेनाने नीट भरायची सवय लागते, प्रश्न वाचायचा वेग येतो. हे घरच्यांनाच करून घ्यावं लागतं, शाळेत तेवढा वेळ नसतो.

निवृत्त_गुरुजी
सचिनराव, जुने पेपर हवेतच, मी नाही म्हणत नाही. पण रोज नको, अकरा वर्षांचं पोर आहे. रविवारी एक, तोही परीक्षा जवळ आल्यावर. मी पाहिलंय की जून महिन्यातच पेपरांचा रतीब सुरू केलेली मुलं दिवाळीपर्यंत विज्ञानाला कंटाळतात आणि मग जादा तासाला यायचंच बंद करतात. पेपर सोडवला की चुकलेला प्रश्न शनिवारी बाईंना विचारायला चिठ्ठी करून द्या, घरी उत्तर शोधून द्यायची घाई करू नका. आपल्या तासाला आलेल्या मुलाने प्रश्न घेऊन यावं यासारखं सुख शिक्षकाला दुसरं नसतं, मनापासून सांगतो.

बदलापूर_मम्मी
प्रकल्पाबद्दल राहिलं. मंडळ दरवर्षी विषय देतं. तो वेळ आला तर कृपा करून आईबाबांनी चार्ट बनवून देऊ नका, बाजारातून तर अजिबात आणू नका. आमच्या ओळखीत एका मुलीचा प्रकल्प पूर्ण घरच्यांनी केला आणि मुलाखतीत हे आकडे कसे काढले विचारल्यावर बिचारी रडकुंडीला आली. सराव म्हणून माझ्या मुलाने बिल्डिंगमधल्या गळक्या नळांचं केलं होतं, नळाखाली तांब्या ठेवून एका तासात किती पाणी साठतं ते मोजायचं. मी फक्त शेजाऱ्यांकडे सोबत जायचे. दार वाजवणं, काय करतोय ते सांगणं, आकडा लिहिणं सगळं त्याचं. अक्षर वेडंवाकडं होतं, चालतं.

सांगलीकर_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे! अडकित्ता आजच काढला 🙂 एक शेवटचं विचारते, सासूबाई चौथी शिकलेल्या, त्या म्हणतात मला काय येतंय विज्ञान. त्यांना यात कसं घेऊ? दिवसभर लेकीसोबत त्याच असतात.

निवृत्त_गुरुजी
अहो त्यांना खूप येतं. त्या रोज विरजण लावतात ना? त्यांना सांगा दूध दोन वाट्यांत घ्यायचं, एक कोमट, एक फ्रीजमधलं गार, दोन्हीत सारखंच चमचाभर दही. दोन्ही ओट्यावर न ठेवता गार वाटी परत फ्रीजमधेच ठेवायची. सकाळी नातीने बघायचं आणि आजीला विचारायचं तुम्ही कोमटच का घेता. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहू दे. मग कोमट दुधात अर्धा चमचा आणि दोन चमचे असं करून बघायचं, पण दूध एकाच पातेल्यातलं घ्यायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तिला आजीसोबतच समजेल. वहीत तारीख, काय घेतलं, काय दिसलं एवढंच. ती वही दर शनिवारी दप्तरात जाऊ दे, बाई बघतील.