मदत हवी आहे : ५० किमीची ग्रुप राइड, २२ दिवस राहिलेत आणि हात बधिर होतात

कोथरूडकरीण
नमस्कार. जरा घाईत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. ऑफिसातल्या आम्ही चौघींनी ५० किमीच्या सायकल राइडला नाव नोंदवलंय. पैसे भरलेत, टीशर्टचे साइजही कळवून झालेत. बालेवाडीहून बाणेर, पाषाण, चांदणी चौक आणि परत, असे दोन फेरे आहेत. सकाळी ६ ला सुटायचं. हजाराच्या वर लोक असतील म्हणतात.

वीसेक किमी झाले की माझे हात बधिर होतात. गेल्या रविवारी घरी आले तर कुलपात किल्ली फिरवता येईना, शेजारच्या काकूंनी दार उघडून दिलं. ग्लोव्हज घेतले, फरक शून्य. जेलवाले घेऊ का? कोणते? शिवाय एवढ्या गर्दीत चालवायची सवय नाही. पायांत ताकद आहे, त्याची चिंता नाही. लवकर सांगा प्लीज.

चेनगार्ड
सायकल कोणती? टायर केवढे? आतापर्यंत एका दमात जास्तीत जास्त किती किमी झालेत?

घाटवेडा
ग्लोव्हज सोडा, क्लीटचे बूट आणि पेडल घ्या. पाय पेडलला जखडला की जोर कमरेतून लागतो, हातांवरचं ओझं आपोआप उतरतं. मी बोपदेव घाट आधी हाफतहाफत चढायचो. क्लीट लावल्यापासून फरक पडला, हा स्वतःचा अनुभव आहे.

मार्शलदादा
घाटवेडा, २२ दिवस उरलेल्या माणसाला क्लीट सुचवू नका हो. पाय सोडवायची सवय अंगात मुरायला वेळ लागतो. हजार सायकलींच्या मध्ये अचानक थांबावं लागलं आणि पाय सुटला नाही, तर त्या आडव्या पडतील आणि मागचे चौघे त्यांच्यावर.

घाटवेडा
मी आठवड्यात शिकलो.

मार्शलदादा
तुम्ही रिकाम्या रस्त्यावर शिकलात.

बिल्लेवाला
ताई, आमच्या काळी अख्खं पुणं सायकलवर होतं. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट सापडलं तर दंड. २२ इंची काळी सायकल, हँडल सीटपेक्षा उंच, ताठ बसून रोज हडपसरपर्यंत जायचो. हात बधिर होणं हा प्रकार तेव्हा ऐकलादेखील नव्हता. हल्ली सगळे वाकून चालवतात.

कोथरूडकरीण
काका, तुमचं वाचून छान वाटलं, पण मला याच सायकलवर जायचंय. @चेनगार्ड, हायब्रिड आहे, २१ गिअरची. टायरवर ७०० x ३५सी लिहिलंय. सर्वांत लांब २२ किमी.

फिजिओताई
कुठली बोटं बधिर होतात? सगळी की ठरावीक?

कोथरूडकरीण
करंगळी आणि तिच्या शेजारचं. उजव्या हाताला जास्त. ग्लोव्हजचं कोणी सांगेल का?

फिजिओताई
ही दोन बोटं म्हणजे अल्नर नर्व्ह, करंगळीकडे जाणारी नस. तळव्याच्या करंगळीकडच्या गादीवर भार पडला आणि मनगट मागे मोडून राहिलं की ती दबते. तासभर अंगाचं वजन तिथेच ठेवलंत तर जेल असो की कापूस, उपयोग नाही. भार तिथे का येतोय ते शोधायला हवं. आणि उतरल्यावर अर्ध्या तासात बधिरपणा जात नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, राइड नंतर.

चेनगार्ड
सायकल तुमच्या मापाची आहे ना? दुकानात उंची बघून घेतली होती का?

कोथरूडकरीण
मुलाची आहे. तो शिकायला जर्मनीला गेला, तेव्हापासून पार्किंगमध्ये पडून होती. त्याचा काय संबंध?

चेनगार्ड
मुलाची उंची?

कोथरूडकरीण
५ फूट ११ इंच. माझी ५ फूट २.

चेनगार्ड
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. नऊ इंचांचा फरक आहे ताई. हँडल गाठायला तुम्ही पुढे ताणल्या जाताय, कोपर ताठ, सगळं वजन तळव्यांवर. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर आणखी पुढे घसरताय.

घरी हे करून बघा. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. चवडा ठेवून चालवलं की हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट सपाट करा, मोबाइलमधलं लेव्हल चालतं. मग दुकानात जाऊन स्टेम बदलून घ्या, म्हणजे हँडलला पुढे धरणारा तो आडवा तुकडा. आत्ता बहुतेक १०० मिमीचा असेल, ६०-७० चा आणि वर चढलेला बसवायला सांगा. ब्रेक-गिअरच्या वायरी पुरतायत का ते बघतील.

सीट पुढे सरकवून काम भागवू नका. हँडल जवळ येतं, पण हातांवरचा भार वाढतो. आणि एवढं करूनही मोठी फ्रेम ती मोठीच. मैत्रिणीकडे लहान सायकल मिळत असेल तर तीच न्या.

केटोकिरण
राइडपर्यंत तीन किलो कमी केलेत तर चांदणी चौकाचा चढ सोपा जाईल. भात-पोळी बंद करून बघा.

फिजिओताई
वजनाचं त्यांनी विचारलेलंच नाही. आणि तीन आठवड्यांवर लांब राइड असताना पोळी-भात बंद करू नका, पंचविसाव्या किमीला अंगातलं त्राण जाईल.

मार्शलदादा
गर्दीचं मी सांगतो, अशा राइडना बरीच वर्षं मार्शल म्हणून उभा राहतोय. पडापडी होते ती पहिल्या दोन किमीत. सगळे जोशात असतात, बाणेर रस्त्याला सगळ्यांनाच पुढे जायचं असतं. तुम्ही मागून सुटा, डाव्या बाजूने. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडू देऊ नका. तो जरा वळला की पडतो आपण, तो नाही. नजर चाकावर नको, दोन-तीन सायकली पुढे ठेवा. खड्डा दिसला की हाताने दाखवा आणि मोठ्याने 'खड्डा!' ओरडा, मागच्यांना तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नसतं. पाणी प्यायचं तर आधी कडेला या. फोटोसाठी मध्येच थांबू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आत्तापासून चौघी मिळून चालवा. दोघी-दोघी, हातभर अंतर. एकटीने १०० किमी चालवूनही ही सवय लागत नाही. सहाला अंधार असेल, मागचा लाल दिवा लावा.

चेनगार्ड
हवा किती भरता? आणि वजन?

कोथरूडकरीण
पेट्रोल पंपावर. तो दगडासारखी करून देतो. ५६ किलो.

चेनगार्ड
टायरच्या बाजूला कमाल-किमान छापलेलं असतं. त्यात बसत असेल तर तुमच्या वजनाला पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय पुरे. दगडासारख्या टायरमुळे रस्त्याचा प्रत्येक हादरा मनगटात येतो.

बिल्लेवाला
पाण्याच्या बाटलीत ओआरएसचं अर्धं पाकीट टाका, ताकद राहते.

फिजिओताई
काका, अंदाजाने अर्धं पाकीट नको. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, कमी पाण्यात मीठ जास्त होतं. दोन-अडीच तासांच्या राइडला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळं आणि राजगिऱ्याचा लाडू चालेल. जे खाणार ते आधीच्या रविवारी खाऊन बघा.

कोथरूडकरीण
आठ दिवसांनी लिहितेय. दुकानदाराने सीट चार बोटं खाली घेतली. सीटच्या दांड्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून खूण करून ठेवलीय, कोणी हलवली तरी कळेल. नाक खरंच खाली होतं. स्टेम ६० चा बसवला. काल चौघी मिळून ३१ किमी केले. सव्वीसाव्या किमीला उजव्या करंगळीला मुंग्या आल्या, हात हँडलच्या टोकाकडे घेऊन कोपर सैल सोडलं आणि गेल्या. घरी येऊन कुलूप मी उघडलं.

मुलाला फोटो पाठवला तर म्हणाला, आई, माझी सीट परत वर करून ठेव. नाही ठेवणार.

चेनगार्ड, फिजिओताई, मार्शलदादा, मनापासून आभार. पुढच्या रविवारी ४० करते. त्याच्या पुढच्या आठवड्यात काय?

मार्शलदादा
फक्त हलके १०-१२, तेही दोनदा. बाकी झोप. जादा ट्यूब घेतलीत का?

कोथरूडकरीण
नाही. कुठली घेऊ?

चेनगार्ड
व्हॉल्व्ह बारीक आहे की मोटारसायकलसारखा जाड?