रक्तातलं सेरोटोनिन आणि विश्रांत एफएमआरआय: सीरम चालेल का?

जाळं_मेंदूचं: 40 निरोगी स्वयंसेवकांवर अभ्यास आखतोय. रक्त कोथरूडला, विश्रांत एफएमआरआय स्कॅन (काही न करता पडून असताना मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारा) खराडीला, दोन्ही एकाच दिवशी. लाल झाकणाच्या ट्यूबमधून सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) काढून त्यातलं सेरोटोनिन (मेंदूत संदेश पोचवणारं, रक्तातही असणारं रसायन) मोजायचं आणि डिफॉल्ट मोड नेटवर्कमधल्या (विश्रांतीत एकत्र सक्रिय असणाऱ्या मेंदूच्या भागांमधल्या) जोडणीशी ताडून पाहायचं, असा बेत आहे. सीरम चालेल का? आणि केळी किती दिवस बंद करायला सांगू? नमुने श्रावणात घ्यायचे आहेत, बऱ्याच जणांचे उपवास असतात.

रक्तपेढीजवळ: सीरम नको. रक्त गोठताना प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) आपला सेरोटोनिनचा साठा ओततात, तोच सीरममध्ये येतो. किती ओतला जाईल हे ट्यूब किती वेळ आणि किती तापमानात ठेवली यावर ठरतं. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमधलं संपूर्ण रक्त घ्या. त्यात प्लेटलेट फुटले तरी बिघडत नाही, सगळंच मोजलं जातं. पण त्याच ट्यूबमधून आधी प्लेटलेटची संख्या काढा, गोठवल्यावर ती मिळत नाही. नंतर ॲस्कॉर्बिक आम्ल घालून (नाहीतर सेरोटोनिनचं ऑक्सिडीकरण होतं) कोथरूडलाच उणे 80 अंशांवर ठेवा.

निकाल दर अब्ज प्लेटलेटमागे द्या. दोघांचंही सेरोटोनिन मिलिलिटरला 150 नॅनोग्रॅम आलं, पण एकाचे प्लेटलेट मायक्रोलिटरला अडीच लाख आणि दुसऱ्याचे पावणेचार लाख असले, तर खरे आकडे 600 आणि 400. कच्चा आकडा हा फरक गिळून टाकतो.

प्लाझ्मातलं (न गोठलेल्या रक्ताच्या द्रव भागातलं) मुक्त, म्हणजे प्लेटलेटबाहेरचं, सेरोटोनिन मोजायचा मोह होईल. साठ्यातला 1 टक्का जरी सांडला तरी मिलिलिटरला दीड नॅनोग्रॅमची भर पडते, आणि खरं मुक्त सेरोटोनिन बहुधा त्याहून कमीच असतं. मोजायचंच असेल तर 21 गेजची सुई, दंडाचा पट्टा मिनिटभराच्या आत सोडलेला, पहिले 2-3 मिलिलिटर बाजूला. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ब्रेक न लावता 200 जी वर (गुरुत्वाच्या 200 पट) 10 मिनिटं, वरचा थर घेऊन 4 अंशांवर 2000 जी वर 20 मिनिटं. तळाचा अर्धा सेंटिमीटर उचलू नका.

केळ्यांची काळजी चुकीच्या चाचणीसाठी करताय. केळी, अननस, अक्रोड यांनी लघवीतलं 5-एचआयएए (सेरोटोनिन मोडून बनणारा पदार्थ) वाढतं, ती चाचणी असेल तर तीन दिवस बंद. प्लेटलेटमधल्या साठ्यावर एखाद्या जेवणाचा फारसा परिणाम होत नाही. उपवास करू द्या.

वोक्सेल_पुणे: मला मूळ गृहीतकाबद्दल बोलायचंय. शरीरातलं सुमारे 95 टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, टीपीएच1 या विकरामुळे. मेंदूतलं मेंदूस्तंभातल्या रॅफे केंद्रकांत बनतं, टीपीएच2 मुळे. रक्त-मेंदू अडथळा ते ओलांडत नाही. म्हणून 'रक्तात कमी म्हणजे मेंदूत कमी' हे वाक्य प्रबंधात कुठेही येऊ देऊ नका. दोन्हीकडे सामाईक आहे तो वाहक (सेरोटोनिन पेशीत ओढून घेणारं प्रथिन), एकाच जनुकातून आलेला. प्लेटलेट सेरोटोनिन स्वतः बनवत नाहीत, त्याच्याकरवी शोषतात. तुमचा प्रश्न या वाहकाबद्दल विचारा, तो टिकेल.

40 जणांत 0.31 पेक्षा कमी सहसंबंध 5 टक्क्यांच्या निकषावर दिसणारच नाही. खरा सहसंबंध 0.3 असेल तर 80 टक्के शक्तीसाठी (तो सापडण्याची शक्यता 80 टक्के असावी म्हणून) सुमारे 85 माणसं लागतात. नेटवर्कमधल्या जोड्या आधीच ठरवून लिहून ठेवा. रॅफे पाहणार असाल तर नाडी आणि श्वास नोंदवा, मेंदूस्तंभ प्रत्येक ठोक्याला हलतो.

आणि चहा! उपाशीपोटी रक्त दिल्यावर माणूस खराडीला पोचेपर्यंत एक कप घेणारच. कॅफीनमुळे मेंदूतला रक्तप्रवाह घटतो, एफएमआरआयचा संकेत बदलतो. पोहे किंवा उपवासाची खिचडी तुम्हीच द्या, चहा स्कॅननंतर.

जाळं_मेंदूचं: ईडीटीए घेतो. नैराश्याची औषधं पूर्वी घेतलेल्यांना किती काळ लांब ठेवू?

रक्तपेढीजवळ: एसएसआरआय (फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्याची औषधं) वाहकच अडवतात, त्यामुळे काही आठवड्यांत प्लेटलेटमधला साठा जवळजवळ रिकामा होतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला पाच आठवडे धरा, वर नवे प्लेटलेट भरायला दहा दिवस. पण हा निकष आधीच बंद केलेल्यांसाठी. अभ्यासासाठी कुणाचंही चालू औषध थांबवू नका, त्यांना सरळ वगळा.