मदत हवी आहे: डेव्हलपर निवडताना सर्टिफिकेशनला किती वजन द्यावं?

मंडळी,

आमच्या टीममध्ये बॅकएंडच्या (अ‍ॅपमागचा सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या) दोन जागा भरायच्या आहेत आणि मुलाखती माझ्याकडे आहेत. एचआरने जाहिरातीच्या मसुद्यात 'क्लाउड सर्टिफिकेशन अनिवार्य' अशी ओळ घातली आहे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर हाताळण्याच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवंच. ती ठेवायची की काढायची, हे मला शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. एकटीच्या अंदाजावर ठरवायला मन धजत नाही, म्हणून हा धागा.

जाहिरातीआधीच ओळखीतून आलेल्या दोघांशी बोलणं झालं. दोघांना एकच काम दिलं: डेटाबेसमधल्या ऑर्डर्सच्या टेबलवरची एक संथ क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा), लॅपटॉप आणि अर्धा तास. पहिल्याच्या सीव्हीवर पाच सर्टिफिकेट्स होती. इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, नोंदी पटकन शोधून देणारी सोय) म्हणजे काय, त्यामागची बी-ट्री ही रचना कशी चालते, सगळं त्याने न अडखळता सांगितलं. मग म्हणाला, "तारखेच्या कॉलमवर इंडेक्स लावू या." तो आधीपासूनच होता. तिथे गाडी अडली ती अडलीच. दुसरी उमेदवार होती, तिच्याकडे एकही सर्टिफिकेट नव्हतं. तिने आधी विचारलं, "टेबलमध्ये रो किती आहेत?" मग एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी कमांड) चालवलं. अख्खं टेबल स्कॅन होताना दिसल्यावर तिने वेअरच्या, म्हणजे क्वेरीतल्या अटीच्या, ओळीवर बोट ठेवलं. तारखेच्या कॉलमवर वर्ष काढून देणारं इयर फंक्शन लावलेलं होतं, त्यामुळे इंडेक्स असून वापरलाच जात नव्हता. तिने ती अट 'या १ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत' अशी लिहिली आणि क्वेरी पळाली.

एवढ्यावर निर्णय सोपा वाटेल. पण निघताना पहिला जे बोलला ते डोक्यातून जात नाहीये. चार वर्षं तो एका जुन्या सिस्टिमची देखभाल करतोय, नवीन काही हाताला लागत नाही. म्हणून रात्री जागून, पदरचे पैसे भरून परीक्षा दिल्या. अशा माणसाने आपली धडपड दाखवायची तरी कुठे? त्या पाच कागदांची किंमत शून्य धरणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरीकडे हात पोळलेलेही आहेत. दोन वर्षांपूर्वी सर्टिफिकेट्सवर भिस्त ठेवून एकाला घेतलं. नंतर कळलं, डम्प (परीक्षेतले बाहेर फुटलेले प्रश्न आणि उत्तरं) पाठ करून पास झालेला. त्यालाही त्रास झाला आणि टीमलाही.

शिवाय सगळ्या परीक्षा एका मापाच्या नाहीत. एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची) सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट म्हणजे १३० मिनिटांत ६५ पर्यायी प्रश्न. कुबरनेटिसची (अनेक सर्व्हरवर अ‍ॅप्स चालवणाऱ्या प्रणालीची) सीकेए मात्र २ तास टर्मिनलवर प्रत्यक्ष कामं करून द्यावी लागते, रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसएही तशीच. एडब्ल्यूएसच्या परीक्षेची मुदत ३ वर्षं, सीकेएची २, आणि स्क्रम या टीमच्या कार्यपद्धतीची पीएसएम कधी संपतच नाही. 'अनिवार्य' म्हटलं की हा सगळा फरक पुसला जातो.

एचआरचंही अगदीच चूक नाही. क्लाउड कंपन्यांच्या पार्टनर कार्यक्रमात वरची श्रेणी हवी तर सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. पण ती परीक्षा रुजू झाल्यावर, कंपनीच्या खर्चाने देता येतेच की!

तर, तुम्ही निवड करताना सर्टिफिकेट कुठे मोजता? चाळणी लावताना, मुलाखतीत, की मोजतच नाही?

प्रतिसाद
ताई, ती ओळ काढाच. ती दुसरी उमेदवार त्या चाळणीतून तुमच्यापर्यंत पोचलीच नसती. मी स्वतः सीकेए केली आहे, तिचा उपयोग झाला, पण रोज क्लस्टर (कुबरनेटिसवर चालणारे सर्व्हरचे गट) हाताळत होतो म्हणून. मुलाखतीत मी सर्टिफिकेट दिसलं की एवढंच विचारतो: यासाठी शिकलेलं काय, कुठे वापरलं आणि कुठे फसलं? डम्पवाला तिसऱ्या प्रश्नाला थांबतो. आणि त्या पहिल्याला पुन्हा बोलवा. तुमची क्वेरी नको, त्याच्याच सिस्टिममधला एखादा बग सांगू दे.

धागाकर्ती
मनापासून आभार. काल त्याला पुन्हा बोलावलं. त्यांच्या सिस्टिमवर रात्री आपोआप चालणारा जॉब महिनाअखेरीला अधूनमधून अडकायचा, त्याचं कारण त्याने फळ्यावर काढून दाखवलं. दोन ट्रान्झॅक्शन्स (डेटाबेसमधले एकत्र होणारे बदल) त्याच दोन टेबलांना उलट क्रमाने लॉक लावत होत्या, म्हणून एकमेकींची वाट पाहत अडकायच्या. त्याने दोन्हीकडे क्रम सारखा केला आणि ही अडकाअडकी, म्हणजे डेडलॉक, थांबली. हे शोधायला त्याला तीन महिनाअखेरी लागल्या. सीव्हीवर यातलं अक्षरही नव्हतं!

एचआरने 'अनिवार्य' काढून 'असल्यास नमूद करावे' मान्य केलंय. आता अर्जातच 'तुम्ही सोडवलेली एक अवघड अडचण लिहा' असा रकाना ठेवायचा विचार आहे. कुणी असं केलंय का? लोक खरंच लिहितात, की एवढं लिहावं लागतंय म्हणून अर्जच सोडून देतात?