नुसत्या स्वायत्ततेनं भागत नाही

शैक्षणिक स्वातंत्र्यासाठी काय काय मागायचं, याची यादी इथं चाललीय. तिच्यात एकानं म्हटलंय की विद्यापीठं स्वायत्त केली की प्राध्यापकांचं स्वातंत्र्य आपसूक येतं. पूर्वार्ध मान्य, उत्तरार्ध नाही.

सरकारी हस्तक्षेपाचा धोका खराच. हंगेरीनं २०१७ मध्ये कायदा बदलून बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीची अशी कोंडी केली की तिला बिऱ्हाड व्हिएन्नाला हलवावं लागलं. युरोपीय न्यायालयानं २०२० मध्ये हंगेरीला चूक ठरवलं, म्हणजे वरातीमागून घोडं! इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठावर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी परस्पर कुलगुरू लादला. तिथले प्राध्यापक निषेध म्हणून दुपारी प्राध्यापकी झगे घालून कुलगुरूंच्या इमारतीकडे पाठ करून उभे राहू लागले.

तसं उभं राहायला नोकरी पक्की लागते हो. मी ठाण्यात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवते. कॉलेज स्वायत्त, अभ्यासक्रम आमचा आम्ही ठरवतो. पण माझी नेमणूक दर जूनमध्ये नव्यानं. मागे एका परिसंवादाला ठरलेला वक्ता नको, असा वरून निरोप आला. तोंडीच, लेखी काही नाही. कायम असलेल्या मॅडमनी निदान कारण तरी विचारलं. आम्ही तासिकावाले हजेरीपत्रक चाळत बसलो.

युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीत उच्च शिक्षणातल्या शिक्षकांच्या नोकरीच्या सुरक्षिततेचा आग्रह आहे. (शिफारसच ती, बंधन कुणावर नाही.) तेव्हा रिक्त पदं कायमस्वरूपी भरण्याची मागणी निव्वळ पगाराची समजू नका. इथल्या मागण्यांच्या यादीत ती घाला, आणि वरच्या बाजूला घाला.