बीटल्सचं 'रिव्हॉल्वर': जुनं स्टिरिओ, मोनो की २०२२ चं नवीन रिमिक्स?

खरखर_रेकॉर्ड:
मंडळी मदत हवी आहे. बाबांची सत्तरी आलीय आणि त्यांच्याकडे बीटल्सच्या 'रिव्हॉल्वर' अल्बमची कोलकात्याजवळच्या दमदमला छापलेली जुनी स्टिरिओ एलपी आहे, कव्हरला कसर लागलीय, रेकॉर्ड तर भजी तळल्यासारखी वाजते. नवीन घेऊन द्यायचा विचार आहे पण प्रकार इतके आहेत की डोकं चक्रावलं. गंमत म्हणजे आमच्याकडे डावा स्पीकर कित्येक वर्षं बंद होता, त्यामुळे त्यातलं 'टॅक्समन' गाणं मी लहानपणी फक्त आवाज आणि खुळखुळ्यावरच ऐकलंय, त्याला ड्रम्स आणि बास आहेत हे कॉलेजात मित्राच्या हेडफोनवर कळलं 😀 तर कुठलं घेऊ?

चारट्रॅक:
हाहा, तुमच्या स्पीकरची चूक नाही, ते मिक्सच तसं आहे. १९६६ ला, म्हणजे हा अल्बम झाला तेव्हा, चार ट्रॅकच्या टेपवर (एका टेपवर आवाजाच्या चारच वेगळ्या पट्ट्या) काम चालायचं, ड्रम्स, बास, गिटार सगळं एकत्र वाजवून एकाच ट्रॅकवर घ्यायचे, मग स्टिरिओ करताना तो अख्खा ट्रॅक उचलून डावीकडे टाकायचा, दुसरं करणार काय. एकदा कालवलेल्या भातातून वरण परत वेगळं काढता येत नाही ना, तसं. २०२२ च्या रिमिक्सला नेमकं तेच वेगळं काढणं जमवलं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सवरच्या 'गेट बॅक' डॉक्युमेंटरीसाठी आवाज सुटे करणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं, ते वापरून निर्माता जाइल्स मार्टिन आणि इंजिनियर सॅम ओकेलने ड्रम्स, बास वेगवेगळे काढले आणि नव्याने मांडले. हेडफोनवर ऐकायचं तर डोळे झाकून हेच घ्या. 'एलिनॉर रिग्बी'त जुन्या स्टिरिओला कडव्यात पॉल उजव्या कानात कुजबुजल्यासारखा येतो, इथे तो समोर येऊन उभा राहतो.

मोनोभक्त:
माफ करा, पण सत्तरीच्या माणसाला रिमिक्स कशाला? तेव्हा ते चौघं आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन यांचं सगळं लक्ष मोनोवर, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो त्या मिक्सवर असायचं, स्टिरिओ नंतर उरकायचे. मोनोत 'टॅक्समन'चा बास छातीवर येतो. २०१४ ला मोनो एलपी निघाल्या त्या थेट अ‍ॅनालॉग टेपवरून कापलेल्या, मध्ये डिजिटलचा टप्पाच नाही. मिळाली तर सोडू नका, फक्त विकणाऱ्याकडून आधी फोटो मागवा, मला एकाने पापडासारखी वाकलेली पाठवली आणि वर म्हणतो सुई जड लावा. आणि हो, मोनोत एक स्पीकर गेला तरी काही हरवत नाही 😛

चारट्रॅक:
२०२२ च्या मोठ्या सेटमध्ये मोनोपण आहे हो, भांडण मिटलं. शिवाय त्याच काळात रेकॉर्ड केलेलं 'रेन' गाणं मूळ वेगात आहे, वाजवलं होतं भरभर आणि मग टेप हळू करून तो जडपणा आणला, मूळ ऐकलं की ड्रमवर रिंगोचे हात किती धावतायत ते कळतं. 'यलो सबमरीन' तर जॉनच्या घरच्या टेपवर चक्क उदास गाणं आहे, बालगीत वाटतच नाही.

पुस्तकी_किडा:
काकांना वाचायची आवड असेल तर सोबत एखादं पुस्तक द्या. मार्क लुइसोनचं बीटल्सच्या रेकॉर्डिंग सेशन्सवरचं (१९८८) म्हणजे रोजनिशीच, कुठल्या तारखेला काय झालं ते सगळं. जेफ एमरिक या अल्बमला विशीतला पोरगा, याच अल्बमपासून त्यांचा मुख्य रेकॉर्डिंग इंजिनियर झाला आणि बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून माइक पार जवळ नेला. त्याचं २००६ चं पुस्तक मसालेदार आहे पण चिमूटभर मीठ टाकूनच वाचा, जॉर्ज हॅरिसनवर फार अन्याय करतो. आणि याच अल्बममधल्या 'लव्ह यू टू'वर तबला अनिल भागवत यांचा आहे हे माहितीय ना? बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव तेव्हा सहसा यायचंच नाही, यांचं छापलंय.

खरखर_रेकॉर्ड:
सगळ्यांचे आभार, मोठा सेटच घेतो, खिशाला भोक पडलं तर पडलं. भागवतांचं बाबांना विचारलं तर उठून कपाटातून कव्हरच आणलं, मागची बाजू दाखवायला. कसरीने नेमका तोच कोपरा खाल्लाय, 'अनिल भा' एवढंच उरलंय. आता नवीन सेट आला की आधी गाणी नाही, ते नाव तपासणार म्हणतायत.